डवऱ्याचा कर्ता कोण?

लोणारच्या सरोवराचा शोध कोणी लावला, असे पुस्तकांत पाहू गेल्यास सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव व १८२३ हे साल सापडते. ज्या सरोवराच्या काठी त्यापूर्वी कित्येक शतके देवळे उभी होती आणि ज्या गावाचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त आहे, ते कोणास ठाऊकच नव्हते काय? ठाऊक होते, परंतु श्रेय टिपून ठेवणाऱ्यास मिळाले. शेतीच्या अवजारांसही हाच न्याय लागू झाला आहे.

पेरणीयंत्राचा जनक म्हणून इंग्लंडचा जेथ्रो टल व १७०१ हे साल विद्यार्थी पाठ करितात. चाडे, नळ्या व तीन फण यांची आपली तिफण त्याची वाट पाहात थांबली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅल्कॉट याने दक्षिण हिंदुस्थानातील शेतकरी यंत्राने ओळीत पेरतात, असे विलायतेस कळविले. तत्पूर्वी तो स्वतः हे यंत्र युरोपातील नवी युक्ती समजत होता. धर्मपाल यांनी १९७१ साली तो मजकूर पुन्हा छापला. तिफण घडविणाऱ्या सुताराचे नाव मात्र कोठेच नाही.

जुनी गोष्ट म्हणून हे सोडूनही देता येईल; परंतु आजचे काय? जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे चाक व हँडल घेऊन त्यास डवऱ्याची पास जोडली. बैलजोडी पाळणे ज्यास परवडत नाही, तो अल्पभूधारक या अवजाराने एकट्याने तण काढू शकतो. त्यास त्यांनी ‘कृषिराजा’ असे नाव दिले. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांची नोंद घेतली, हे योग्यच झाले. तथापि सायकल-डवरा विकणाऱ्या किती दुकानदारांस भिसे हे नाव सांगता येईल? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासही आरंभी गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता; परंतु त्यांच्यामागे कारखाना होता, म्हणून नाव टिकले. गावच्या लोहारापाशी भाता व ऐरण एवढेच असते.

कायदाही त्यास फारसा तारीत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे अर्ज करण्यापूर्वी वस्तू उघडपणे विक्रीस आली, की बहुधा तिचे नावीन्य संपले. आमचा कारागीर तर नवी वस्तू प्रथम आठवड्याच्या बाजारातच आणितो! ती चालली, की दुसऱ्याच महिन्यात मोठ्या गावचा कारखानदार तिची नक्कल करितो आणि मूळ कर्ता त्याच नकलेची दुरुस्ती करीत बसतो.

यात व्यापाऱ्यांस पुष्कळ करता येण्याजोगे आहे. अवजाराच्या पावतीवर कर्त्याचे नाव व गाव लिहावयास शाईशिवाय खर्च नाही. बाजार समितीने एक वही ठेवावी. तीत नव्या अवजाराचे चित्र, माप, तारीख व कर्ता यांची नोंद व्हावी. मात्र पेटंट घ्यावयाचे असल्यास अर्ज आधी व नोंद मागाहून, हे कारागिरास समजावून सांगणारा एखादा शिकलेला गृहस्थ तेथे असावा. मृगाच्या पेरणीपूर्वी अवजारे बाजारात येऊ लागतात. त्याआधी ही वही उघडली गेली पाहिजे.