पहिली कोण, एवढंच विचारायचं?

'पहिली महिला' म्हटलं की शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या! पण त्या बाईनं नेमकं काम काय केलं, हे विचारायला कुणाला सवड असते? इटलीच्या चित्रपट दिग्दर्शिका लीना वेर्टम्युलर यांचंही तसंच झालं. १९७७ साली दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. झालं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं एक उत्तर!

लीनाबाईंचा जन्म १९२८ चा, रोममधला. वडील वकील, पण लेकीची ओढ नाटकाकडे. फेलिनींच्या 'साडेआठ' या गाजलेल्या चित्रपटाला त्यांनी सहाय्यक म्हणून काम केलं आणि त्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्वतःचा पहिला चित्रपटही आणला. १९६८ च्या एका 'वेस्टर्न'वर मात्र त्यांनी नाव लावलं, नेथन विच. तेव्हा इटलीत असले घोडे-बंदुकांचे चित्रपट करणारे पुरुषसुद्धा इंग्रजी नावं घेत, हे खरं. पण बाईनं घेतलं ते पुरुषाचं नाव, हे विसरून कसं चालेल?

ज्या चित्रपटासाठी नामांकन मिळालं, त्या 'सेव्हन ब्यूटीज'ची गोष्ट आपल्याला परकी वाटायची नाही. नेपल्स शहरातला पास्क्वालिनो, सात बहिणींचा भाऊ. घरच्या बायका गाद्या भरायच्या कष्टात, आणि हा पठ्ठ्या नटूनथटून, कमरेला पिस्तूल लावून घराण्याची 'इज्जत' सांभाळत हिंडणार! बहिणीपायी खूनही करतो. पुढे महायुद्धात जर्मन छळछावणीत सापडल्यावर जीव वाचवण्यासाठी वाट्टेल ते करतो. घरी परततो तेव्हा बहिणींना पोटासाठी देह विकावा लागलेला असतो. कुठे गेली ती इज्जत? भाषण न ठोकता, हसवता हसवता लीनाबाईंनी हा प्रश्न विचारला.

त्यांचं सगळंच गोड मानावं असं नाही. १९७४ च्या 'स्वेप्ट अवे'मध्ये निर्जन बेटावर अडकलेली श्रीमंत बाई तिला मारहाण करणाऱ्या खलाशाच्याच प्रेमात पडते. स्त्रीवादी समीक्षक चिडल्या, आणि मलाही ते पटत नाही. पण दिग्दर्शक बाई आहे म्हणून तिनं सोज्वळच बोलावं, हा हट्ट तरी कशाला?

ते ऑस्कर 'रॉकी'च्या दिग्दर्शकाला मिळालं. दुसऱ्या स्त्रीला, जेन कँपियन यांना, नामांकन मिळायला १९९४ उजाडलं. प्रत्यक्ष पुरस्कार स्त्रीच्या हाती आला तो २०१० मध्ये, कॅथरिन बिगेलो यांच्या. लीनाबाईंना २०१९ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मानद ऑस्कर दिलं, तेव्हा त्या पुतळ्याला 'ॲना' असं बाईचं नाव द्या, असं त्यांनी मिश्कीलपणे सुचवलं. २०२१ मध्ये त्या गेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे कुठे 'पहिल्या महिले'चा सत्कार असला तर टाळ्या जरूर वाजवा. पण दोन प्रश्नही विचारा. हिनं काम काय केलं? आणि हिच्यामागून दुसरी यावी म्हणून आपण काय करतोय?