फर्नला गावाबाहेर कुणी काढलं?

सिंक्लेअर लुईसच्या ‘मेन स्ट्रीट’बद्दल (१९२०) शिकलेल्या बायकासुद्धा म्हणतात, “कॅरलला दुःख तरी कसलं? डॉक्टर नवरा, स्वतःचं घर, कामाला मुलगी. खाऊन-पिऊन सुखी बाईचे चोचले, दुसरं काय!”

मला हे मुळीच पटत नाही. हे तर गोफर प्रेअरीच्याच बायकांचं बोलणं झालं. मिनेसोटातलं ते छोटं गाव कॅरलला उपाशी ठेवत नाही, मारत नाही. नुसतं बघत राहतं. घर कसं मांडलं, पाहुण्यांना काय वाढलं, सगळ्याचा हिशेब गावाकडं. कामाच्या बीआला ती आठवड्याला सहा डॉलर देते, तर बाकीच्या बायकांना राग, आता आमच्याकडच्याही तेवढेच मागतील म्हणून!

दोन वर्षांनी ‘बॅबिट’ आली. घरं-जमिनीचा दलाल बॅबिट थोडे दिवस बंड करतो आणि बायको मायरा आजारी पडल्यावर मुकाट्यानं कळपात परततो. त्याच्या नावाचा इंग्रजीत शब्दच झाला. पण कंटाळली तर मायराही होती, तसं ती बोलूनही दाखवते. तिच्या कंटाळ्याचा शब्द कुणी केला नाही.

आणि माझं खरं भांडण फर्न मलिन्सवरून आहे. ही गोफर प्रेअरीतली तरुण शिक्षिका. नाचाच्या कार्यक्रमाला गेली असता सोबतचा मुलगा दारू पितो. ती त्याला कसंबसं घरी आणते, तर त्याची आई, देवाधर्माची विधवा बोगार्ट, हिनंच पोराला बिघडवलं म्हणून गावभर सांगत सुटते. कॅरल तिच्या बाजूनं बोलते, उपयोग होत नाही. फर्नची नोकरी जाते, गाव सुटतं. पुरावा कुणी मागितला? हे काम पुरुषांनी एकट्यानं नाही केलं, बायांनो. बैठकीत बसून, चहा पीत पीत, बायकांनी केलं.

कॅरल वॉशिंग्टनला जाऊन नोकरी करते आणि शेवटी परत येते, म्हणून ती हरली म्हणतात. परतल्यावरही ‘गावाचंच बरोबर’ असं ती म्हणत नाही. मला तेवढं पुरे आहे.

आपण पाणी गाळून पितो, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपतो. पर्वात सगळ्यांकडं क्षमा मागतो. मग एखाद्या पोरीचं नाव तोंडात घेताना ते जपणं कुठं जातं? पुढच्या वेळी कुणी “मी ऐकलंय” म्हणाली, तर तिथंच विचारा, “तू पाहिलंस का?”