समुद्राला तीन वर्षं तयारी, आणि उजनीला?

परवा कट्ट्यावर 'त्रिवेणी'चा विषय निघाला. एक जण म्हणाला, "वळसंगात बसून समुद्राच्या गप्पा! आधी टँकर तर वेळेवर येऊ दे." सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी आल्यावर विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. थोडं मोठं आहे, पण वाचा.

'त्रिवेणी' ही 50 फुटी शिडाची बोट. 11 सप्टेंबर 2025 ला लष्कर, नौदल आणि हवाई दलातल्या 10 महिला अधिकारी तिच्यातून मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं. निघतानाचे फोटो सगळ्यांनी शेअर केले. पण त्याआधीची तीन वर्षं कुणी पाहिली? आधी लहान बोटींवर सराव, मग मोठ्या बोटीवर, मग सेशेल्सपर्यंत जाऊन परत. असा चमू आयता सापडत नसतो, घडवावा लागतो.

"आपण पडलो दुष्काळी" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं जग फिरून यावं, हा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते राहायचे कुठं? फलटणजवळच्या विंचुर्णीत! तिथून कुठं समुद्र दिसतो? नौदलातून दिलीप दोंदे पुढं आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 56 फुटी 'म्हादेई' बांधली गेली आणि दोंदे त्या कामात पहिल्यापासून होते. कारण भर समुद्रात मेकॅनिक येत नाही. शीड फाटलं तर आपणच शिवायचं, इंजिन बंद पडलं तर आपणच खोलायचं. ऑगस्ट 2009 मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय.

आता मूळ मुद्दा. 21 मे 2024 ची संध्याकाळ आठवा. उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, 6 जीव गेले. एक पोलीस अधिकारी तेवढे पोहून काठाला लागले. हा महासागर नव्हता. रोजची ये-जा, बाजारहाट, पाहुणेरावळे, त्यातला हा प्रवास.

महासागर ओलांडणारे निघण्याआधी हवामान बघतात, बोटीचा सांधा न् सांधा तपासतात, लाइफ जॅकेट अंगावर असतं आणि कुणी कधी काय करायचं ते ठरलेलं असतं. आणि आपण? "काय होतंय, पलीकडंच तर जायचंय." माझ्या मते आपल्यात धाडसाची कमी नाहीच, कमी आहे ती तयारीची.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, उजनीत प्रवासी बोट चालवायची तर दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालंच पाहिजे. वारं सुटलं की फेरी बंद, मग पुढारी बसलेला असो नाहीतर पाहुणा. दोन, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला, हो, पोरीलासुद्धा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. दर उन्हाळ्यात विहिरीत, तळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या वाचून आपण 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकतो आणि विसरतो. तीन, उजनीवर शिडाच्या लहान बोटींचं प्रशिक्षण केंद्र काढा. पहाटे अक्कलकोट रोडवर भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींना नौदलाचा रस्ताही दिसू दे. मोटर दुरुस्त करणारी पोरं आणि सोलापुरात गणवेश शिवणारे हात आपल्याकडं आहेतच. शीड शिवायला वेगळं काय लागतं?

"खर्च कोण करणार?" हा प्रश्न येणारच. स्वागत कमानी आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसे कुठून येतात, तेवढं आधी सांगा.

बाबासाहेबांच्या हस्ते खुली झालेली विहीर ज्या गावात आहे, त्या गावाला पाणी हा हक्काचा विषय आहे हे वेगळं सांगायला नको. पाणी प्यायला मिळणं हा हक्क आहे. त्याच पाण्यातून जिवंत घरी येणं हाही हक्कच आहे.

पटलं तर ग्रामसभेत बोला. नुसतं लाइक करून पुढं जाऊ नका.