चैत्यभूमीला आलेल्या माणसाने समुद्र बघू नये काय?

नोव्हेंबर संपत आला की गावोगावच्या बुद्ध विहारांत सहा डिसेंबरच्या बैठका सुरू होतात. कोण कोण येणार, गाडी कोणती, भाकरी किती दिवसांच्या बांधायच्या, म्हाताऱ्या माणसांना कोण सांभाळणार, हे सगळे ठरते. आणि दरवर्षी बैठकीच्या शेवटी आपलाच एखादा कार्यकर्ता उठून दम भरतो, "आपण मुंबईला मौज करायला जात नाही. अभिवादन करायचे, पुस्तके घ्यायची आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचे. गेटवे, चौपाटी, राणीची बाग असले काही चालणार नाही."

यातील अभिवादन आणि पुस्तके याबद्दल वादच नाही. महापरिनिर्वाण दिन हा जत्रेचा दिवस नव्हे, हे शिवाजी पार्कवर रांगेत उभी राहणारी अडाणी उपासिकासुद्धा जाणते. तिला ते शिकवण्याची गरज नाही. प्रश्न पुढच्या भागाचा आहे. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करणारी बाई आयुष्यात एकदा मुंबईला येते. तिने समुद्र बघितला, वडापाव खाल्ला, नातवासाठी प्लास्टिकचे विमान घेतले, तर बाबासाहेबांचा कोणता अपमान झाला?

मागे शिवाजी पार्कवर एका मावशीने मला विचारले होते, "वकीलसाहेब, समुद्राचं पानी खरंच खारं ऱ्हायते काय?" मी काही बोलण्याच्या आत त्या चैत्यभूमीच्या मागे वाळूत गेल्या, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि सोबतच्या सगळ्या जणींना हाका मारून बोलावले. प्रत्येकीने चव घेतली. थुंकली, हसली. अर्धा तास तिथे हसणेच चालले होते. मग त्याच बायका बारा तासांच्या रांगेत शिस्तीने उभ्या राहिल्या. या हसण्याला मौजमजा म्हणून नाके मुरडणाऱ्यांची मला कीव येते.

आपल्या नेत्यांचा हा कडकपणा कुठून आला ते मला कळते. मनुवादी प्रसारमाध्यमांनी वर्षानुवर्षे या भीमसागराकडे "मुंबईकरांना त्रास" या एकाच नजरेने पाहिले. गर्दी, कचरा, फुकटचा प्रवास, एवढेच त्यांना दिसले. लाखो माणसे येतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे झुंबड उडते, दंगा होत नाही, हे दिसले नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांसाठी रेल्वे जादा गाड्या सोडते तेव्हा बातमी आनंदाची असते. महापरिनिर्वाण दिनासाठी तीच मध्य रेल्वे नागपूर, अमरावती, सोलापूर, कलबुर्गीहून जादा गाड्या सोडते तेव्हा मात्र गर्दीची चिंता सुरू होते. अशा वातावरणात आपल्या माणसांनी बोट दाखवायला जागा ठेवू नये, असे कार्यकर्त्याला वाटणे साहजिक आहे. पण दुसऱ्याच्या हेटाळणीला भिऊन आपण आपल्याच माणसाचा निरागस आनंद काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

आणि बाबासाहेबांच्या नावाने हे सांगणाऱ्यांनी बाबासाहेबांचा प्रवास तरी वाचावा. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या बाराव्या खंडात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्यांच्या आठवणी आहेत. फार थोडी पाने आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आठवणी प्रवासातल्या आहेत. त्यात १९३४ सालची एक आठवण आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले की आपण स्थलदर्शनाच्या सहलीला जावे, बाबासाहेबांनी सोबत यावे. बाबासाहेबांनी "समाजकार्य सोडून सहल कसली?" असे विचारले नाही. ते तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असे ठरले आणि तीसेक माणसांची मंडळी निघाली. म्हणजे आपल्या चळवळीच्या सहलीला खुद्द बाबासाहेबांची संमती आहे आणि सोबतही आहे!

त्या सहलीत पुढे काय झाले ते पुष्कळांना ठाऊक आहे. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी हौद होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथे हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो पाण्याला कुठे हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन.

मी पेशाने वकील असल्यामुळे या आठवणी वाचताना मनात एक हिशेब आपोआप सुरू होतो. प्रवासात माणसाच्या वाट्याला येणाऱ्या फजितीचे दोन प्रकार असतात. गाडी चुकते, सामान हरवते, पाय मुरगळतो. ती कोणाच्याही वाट्याला येते, चार दिवसांनी तीच गोष्ट आपण हसून सांगतो. दुसरी फजिती कोणीतरी आपल्यावर लादलेली असते, जात विचारून. ती हसून सांगता येत नाही.

बाबासाहेबांच्या वाट्याला १९१७ साली हे दोन्ही प्रकार पाठोपाठ आले. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट पाणतीराने बुडाली. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की थॉमस कुक कंपनीने या सामानाची नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये दिले आणि त्याच पैशातून बडोद्याच्या नोकरीवर जाण्याचा खर्च भागला. बडोद्यात काय झाले? राहायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून धमकावून गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान मुंबईची गाडी रात्री नऊला म्हणून संध्याकाळी कामाठी बागेत बसून राहिला.

बोट बुडाली त्याची भरपाई मिळाली, बडोद्याची भरपाई कोणत्या कचेरीत मागायची होती? तसा कायदाच नव्हता. तो करायला पुढे याच माणसाला घटना समितीत बसावे लागले.

१९२९ सालचे चाळीसगाव तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवावे असे उदाहरण आहे. बाबासाहेब स्टेशनवर उतरले. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. तडजोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने देऊ, हाकणारा तुमचा आणा. आपल्यातलाच एक माणूस पुढे झाला, त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले, घोडा आणि टांगा नदीत. पोलीस दप्तरात याला अपघात म्हणतील. मी म्हणणार नाही.

त्याहून आधी, १९०१ सालचा मसूर ते गोरेगावचा प्रवास आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. केवढा तो आनंद असेल! मसूरच्या स्टेशनमास्तरने जात विचारली आणि तो पाच पावले मागे सरला. रात्रभर बैलगाडीत डब्यात अन्न होते, प्यायला पाणी नव्हते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा प्रवासाचा आनंद ज्या व्यवस्थेने हिसकावला, त्या व्यवस्थेविरुद्ध त्या मुलाने पुढे आयुष्यभर लढा दिला. मग त्याच्या लेकरांनी आज गाडीच्या खिडकीत बसून वारा घ्यावा, स्टेशनावर नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यावे, हा त्या लढ्याचा भाग नाही काय?

आज मुंबईत आपल्या माणसाची जी फजिती होते ती बरीचशी पहिल्या प्रकारची आहे, आणि मला तिचे फार समाधान वाटते. दादर स्टेशनच बघा. दादर दोन आहेत, मध्य रेल्वेचे आणि पश्चिम रेल्वेचे, आणि २०२३ पर्यंत एक नंबरचा फलाट दोन्हीकडे होता. "एक नंबरवर भेटू" असे ठरवून गेलेली अर्धी मंडळी इकडे, अर्धी तिकडे! ९ डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक दिले गेले, पश्चिमेला १ ते ७, मध्यला ८ ते १४. (सहा तारखेची गर्दी परतल्यावर तीन दिवसांनी हे सुचले, हेही नसे थोडके.) परळला उतरायचे म्हणून फास्ट लोकलमध्ये चढलेले लोक थेट भायखळ्याला जातात. रिकामा डबा दिसला म्हणून आनंदाने चढावे तर तो फर्स्ट क्लास निघतो, आणि पुढच्या स्टेशनला टीसी हजर. रांगेत चपला जातात. मंडपातल्या ध्वनिक्षेपकावरून "अमुक गावच्या अमुक बाई जिथे असतील तिथून पोलीस चौकीजवळ याव्यात" हे रात्रभर चालू असते. या गोष्टी परतीच्या गाडीत हसून सांगितल्या जातात, गावी पोहोचेपर्यंत त्यांना मीठमसाला लागतो. लागू द्या.

दुसऱ्या प्रकारची फजिती संपली आहे असे मात्र कोणी समजू नये. डब्यात निळा झेंडा किंवा छातीवरचा बिल्ला बघून "आले फुकटे" म्हणणारे आजही भेटतात. लॉजवर खोली आहे असे सांगून आडनाव ऐकल्यावर "भरले आहे" म्हणणारेही भेटतात. अशा वेळी मान खाली घालून पुढे जाऊ नका. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करता येत नाही, हे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये लिहिलेले आहे. जातीवरून चारचौघांत हिणवणे किंवा दुकानात, सार्वजनिक ठिकाणी अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. वेळ, जागा, गाडीचा नंबर, दोन साक्षीदारांची नावे तिथल्या तिथे कागदावर लिहून घ्या. चार दिवसांनी वकिलाकडे आल्यावर "कोणीतरी बोलला होता" एवढ्यावर केस उभी राहत नाही.

पण एक कडू गोष्ट आपल्या बाजूनेही बोलली पाहिजे. ज्याने पैसे भरून आधी बर्थ राखून ठेवला आहे, त्याच्या बर्थवर आपण बसायचे आणि त्याने उठा म्हटले की त्यात जात शोधायची, हे बरोबर नाही. तो राखीव डबा आहे, हक्क त्याचा आहे. उलट अनारक्षित डब्यात दार लावून आपल्या माणसाला चढू न देणारा प्रवासी रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली दोषी ठरतो. सहा डिसेंबरच्या जादा गाड्यांत अनारक्षित डबे असतात. त्यांत आपला हक्क आहे, तिथे चढा.

तिकिटाचे तर मी विहारात उभा राहून ओरडून सांगत असतो. दंडाच्या भीतीने नव्हे. त्या गर्दीत दरवर्षी माणसे दाराला लोंबकळत येतात. चालत्या गाडीतून प्रवासी पडून दगावला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ प्रमाणे रेल्वेची चूक असो वा नसो, वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. पण प्रवासी तिकीटधारक असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीना देवी प्रकरणात म्हटले की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, वारसांनी प्रतिज्ञापत्र देऊन सुरुवातीचा भार उचलला की पुढचा भार रेल्वेवर येतो. हा मोठा दिलासा आहे. तरीपण मुळात तिकीट काढलेच नसेल तर वकील काय करणार? म्हणून तिकीट काढा, त्याचा फोटो काढून घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. तरुण पोरांनी म्हाताऱ्यांचे हे काम करून द्यावे.

आता विहार समित्यांना माझी सूचना. सहा तारखेला रात्रीच परतीची घाई करू नका. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच दादरच्या किनाऱ्यावर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तो दिवस मुंबईत थांबा आणि आपल्या माणसांना मुंबई दाखवा. हिंदू कॉलनीतले राजगृह दाखवा. फोर्टात आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे, १९४६ साली बाबासाहेबांनी सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय ते हेच. पोरांना त्या जिन्यावरून वर चढू द्या. तिथून गेटवे लांब नाही, चालत जाता येते, तिथे फोटो काढायचा असेल त्याला काढू द्या. संध्याकाळी चौपाटीवर न्या, पण भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

आणि परळच्या बीआयटी चाळीतली बाबासाहेबांची खोली बघायला नेताना एवढे लक्षात ठेवा की त्या चाळीत आजही कुटुंबे राहतात. पन्नास जण एकदम जिन्यात घुसू नका. दहा-दहा जणांनी वर जा, चपला व्यवस्थित काढा, आणि दारात उभ्या असलेल्या घरच्या माणसांना आधी जयभीम करा.