'डेव्हलप' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

आमच्या सुप्याकडे माळावर मुरूम पडला, चार दगड रोवले की बोर्ड लागतो: 'डेव्हलप्ड प्लॉट'. माझा राग इंग्रजीवर नाही, आपल्या आळसावर आहे. इंग्रजीतही 'रिपेअर' म्हणजे मोडलेलं नीट करणं, 'इम्प्रूव्ह' म्हणजे आहे ते सुधारणं, 'एन्हान्स' म्हणजे चांगल्यात भर घालणं. आपण मात्र सगळ्यावर 'डेव्हलप' चिकटवतो. मग आधी तिथं काय होतं, हे कुणी विचारतच नाही.

याच सुप्यात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ चा कायदा आला. त्याच्या नावात शब्द होता 'रिलीफ', कारण कर्जापायी कुणब्याला होणारी अटक त्यानं थांबवली. १८८३ च्या कायद्याच्या नावात होतं 'इम्प्रूव्हमेंट', कारण तो विहिरीसारख्या कामांना तगाई देणारा होता. माणूस सोडवणं वेगळं आणि जमीन सुधारणं वेगळं, हे इंग्रज सरकारलाही कळत होतं.

आपल्याकडे डागडुजी आहे, मशागत आहे, निगा आहे. इंग्रजी शब्द वापरायचा तर तोही खुशाल वापरा. पण कुणी 'डेव्हलप केलं' म्हणालं, की एवढं विचारा: आधी काय होतं, कुणाचं होतं, आणि आता कुणाचं झालं?