पद्मिनी आपली, मग पैकान नक्कल कशी?

जुन्या गाड्यांचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ आहे, पण त्या कौतुकाचा नकाशा फार लहान आहे. विंटेज रॅलीची बातमी आली की संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस, अमेरिकन कॅडिलॅक, फार तर जर्मन बीटल. मुस्लिम देशांचा विषय निघाला तर व्हॉट्सॲपवर फिरते ती आखातातल्या कुणा शेखाची सोन्याने मढवलेली गाडी. तिला पाहून 'माशाअल्लाह' लिहिणारेही आपलेच आणि नाके मुरडणारेही आपलेच. इराणने एक साधी गाडी अडतीस वर्षे बनवली आणि सारा देश तिच्यात बसून फिरला, हे मात्र दोघांच्याही गावी नसते.

ती गाडी म्हणजे पैकान. उर्दू वाचणाऱ्याला अर्थ सांगायला नको: बाणाचे टोक. अहमद आणि महमूद खय्यामी या भावांनी १९६२ साली 'इरान नॅशनल' ही कंपनी काढली आणि १९६७ पासून ब्रिटनच्या रूट्स कंपनीच्या हिलमन हंटरवरून पैकान बनवायला घेतली. हंटर ज्या मालिकेतली होती, तिचे इंग्रजी नावही 'ॲरो', म्हणजे बाणच. चौकोनी बांधा, चार दरवाजे, नखरा काही नाही. पुढे तिची टॅक्सी निघाली, पिकअप निघाली, तरुणांसाठी 'जवानान' नावाची जोमदार आवृत्तीही निघाली. वीस लाखांहून अधिक पैकान रस्त्यावर आल्या.

आता आक्षेप ऐकू. पहिला: ही तर इंग्रजांची नक्कल, हिला इराणी का म्हणायचे? मग कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी कोण होती? इटलीची फियाट ११००. ॲम्बेसेडर? इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. 'बरे झाले, इटालियन नक्कल गेली' असे कुणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. गाडी आपली होते ती चालवणाऱ्यांमुळे, दुरुस्त करणाऱ्यांमुळे, तिच्यात दाटीवाटीने बसून लग्नाला जाणाऱ्यांमुळे. हा नियम मुंबईला लागू आणि तेहरानला नाही, असे कसे? खुद्द ब्रिटनने हंटर १९७९ साली बंद केली. इराणने पैकान २००५ पर्यंत बनवली.

शिवाय इराणने काही टाकाऊ माल उचलला नव्हता. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी प्रचंड मोटार शर्यत झाली. गाड्या तेहरान, काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. ती शर्यत जिंकली हिलमन हंटरने.

दुसरा आक्षेप: ती धूर ओकायची, पेट्रोल प्यायची. खरे आहे. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या तेहरानची हवा आधीच कोंडते. पैकान बंद झाली हे योग्यच झाले, उलट उशीरच झाला. पण निवृत्त करणे वेगळे आणि विसरणे वेगळे. धुराचे कारण सांगून आपण काळी-पिवळीच्या आठवणी पुसून टाकल्या का?

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून येत नाही, कौतुक म्हणून येतो, म्हणून तो जास्त फसवा आहे. शहाच्या काळातले पैकानचे फोटो टाकायचे आणि 'पाहा, तेव्हा इराण किती आधुनिक होता' म्हणायचे. हिशेब करा. पैकान शहाच्या राजवटीत बारा वर्षे बनली, क्रांतीनंतर सव्वीस. कंपनी सरकारजमा झाली, तिचे नाव 'इरान खोद्रो' झाले, खय्यामी बंधूंना देश सोडावा लागला, इराकशी आठ वर्षे युद्ध झाले. गाडी बनतच राहिली. ती ना शहाची, ना क्रांतीची. ज्याला कामावर वेळेत पोहोचायचे होते, त्याची ती गाडी. शहाच्या शाही मोटारी इराणमध्ये संग्रहालयात जपल्या आहेत. राजांच्या गाड्यांचे रक्षण सगळीकडे होते, सामान्यांच्या गाडीला मात्र भंगारवाला भेटतो.

एका जुन्या गाडीसाठी एवढे कशाला भांडायचे, असे कुणी विचारेल. इराण म्हटले की आपल्यापुढे क्षेपणास्त्र येते, निर्बंध येतात, नाही तर दाढीवाले धर्मगुरू. तिथला टॅक्सीवाला, मेकॅनिक, हप्ते भरून पहिली गाडी घेणारा कारकून येत नाही. ज्यांचे साधे रोजचे जगणे आपल्याला ठाऊक नसते, त्यांच्याविषयी कुणी काहीही सांगितले तरी खपते. ही गोष्ट भारतातल्या मुसलमानाला वेगळी समजावून सांगायला हवी का?

मराठीत गाड्यांवर लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा आहेच. पण उर्दू जाणणाऱ्यांकडून ती अधिक आहे. फारसी लिपी आपल्याला वाचता येते, निम्मे शब्द ओळखीचे असतात. सोन्याच्या गाडीचा फोटो पुढे पाठवण्याआधी एकदा फारसीत 'पैकान' लिहून शोधा, आणि जे सापडेल ते मराठीत आणा.