रांगेतला भरवसा

दोस्तांनो,

जुने फोटो चाळायला बसलं की वेळ कसा जातो ते कळत नाही, नाही का? सातवीतल्या एका बालवाचकाचं तसंच झालं. त्याला एक फोटो सापडला आणि त्यातून एक प्रश्न. तो प्रश्न त्याने थेट माझ्याकडे पाठवून दिला!

त्याचा मामा अमेरिकेत असतो. २०२१ सालच्या जूनच्या अखेरीस मामा, मामी आणि आठ वर्षांची मामेबहीण फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड बघायला गेले होते. फोटो तिथल्या एका राइडच्या रांगेतला, छपराखालचा. तिघांच्याही तोंडावर मास्क. आणि मागे उभ्या असलेल्या बहुतेकांच्या तोंडावर काहीच नाही! पत्रात तो विचारतो, "काका, मामा-मामींनी तर लस घेतली होती. मग मास्क कशाला? नियम होता, तर मागचे लोक तो मोडत होते का? आणि नियम नव्हता, तर मामाने उगाच का घातला?"

प्रश्न मोठा मजेदार आहे. आणि वाटतो तितका सोपा नाही, बरं का! चला, सुरुवातीपासून बघू.

करोनाची साथ पसरली तशी २०२० च्या मार्चमध्ये डिस्ने वर्ल्डची फाटकं बंद झाली. ती उघडली ११ जुलै २०२० रोजी. पण नियमांची ही भली मोठी यादी! दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क सक्तीचा. आत शिरताना ताप मोजायचा. रांगेत सहा-सहा फुटांवर खुणा. आधी दिवस राखून ठेवायचा, मगच यायचं. मिरवणुका नाहीत, आतषबाजी नाही. आणि मिकी माऊस दिसला तरी दुरूनच हात हलवायचा. मिठी मारायची नाही!

नियम आला की पळवाट शोधणारेही येतातच. खाता-पिताना मास्क काढायची मुभा होती. मग काय? हातात पॉपकॉर्नचा पुडा धरून दिवसभर चरत चालत राहिलं, की मास्क आपला हनुवटीखाली! पण थोड्याच दिवसांत नियमात सुधारणा झाली. खायचं तर एका जागी थांबून, इतरांपासून अंतर ठेवून खायचं. चालता चालता खाणं बंद.

राइडवर बसल्यावर मास्क काढणारेही होते. वेगाने खाली येताना तिथला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. मास्क नसेल तर तो फोटो मिळत नसे. २०२० च्या डिसेंबरमध्ये तर गंमतच झाली. काही फोटोंत उघड्या तोंडांवर संगणकाने मास्क रंगवून दिले! लोकांनी ते ओळखलं, बोलबाला झाला आणि तो प्रयोग बंद पडला.

जपानमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथल्या करमणूक उद्यानांनी लोकांना विनंती केली, की रोलर कोस्टरवर ओरडू नका. आता सांगा, रोलर कोस्टरवर बसायचं आणि ओरडायचं नाही, हे शक्य आहे का? फुजी-क्यू हायलँड या उद्यानाच्या दोन अधिकाऱ्यांनी ते करून दाखवलं. तोंडाला मास्क लावून दोघे कोस्टरमध्ये बसले आणि शेवटपर्यंत हूं की चूं न करता खाली आले. त्या चित्रफितीच्या अखेरीस सूचना होती: मनातल्या मनात ओरडा!

हसू येतं ना? पण यामागे शास्त्र आहे. आपण बोलतो, खोकतो, ओरडतो, तेव्हा तोंडातून बारीक बारीक थेंब बाहेर पडतात. काही इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत तरंगत राहतात. आवाज जितका मोठा, तितके थेंब जास्त. आजारी माणसाच्या थेंबांतून विषाणू पसरतो. मोकळ्या मैदानावर वारा त्यांना पांगवून टाकतो. पण बंद खोलीत, गर्दीत, एकाच्या तोंडातून निघालेली हवा दुसऱ्याच्या नाकात जाते. म्हणून मोकळ्या जागेचा नियम वेगळा आणि छपराखालचा वेगळा.

आणखी एक गोष्ट. छत्री आपल्यापुरती असते. आपण उघडली नाही तर आपणच भिजतो, शेजारचा नाही. मास्कचं तसं नाही. तो घालणाऱ्याचं थोडंफार रक्षण करतोच, पण घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब बाहेर जाण्याआधी अडवतो. म्हणजे माझ्या मास्कचा फायदा तुम्हाला आणि तुमच्या मास्कचा मला. आणि या विषाणूची खोड अशी, की काहीच त्रास होत नसलेला माणूसही तो पसरवू शकतो!

आता येऊ फोटोकडे.

२०२१ च्या वसंतात अमेरिकेत मोठ्या माणसांचं लसीकरण जोरात सुरू होतं. १३ मे रोजी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं, की लशीची पूर्ण मात्रा घेतलेल्यांनी बहुतेक ठिकाणी मास्क लावला नाही तरी चालेल. दोनच दिवसांत डिस्ने वर्ल्डने मोकळ्या जागेतली सक्ती उठवली. आणि १५ जूनपासून, लस पूर्ण झालेल्यांना छपराखालीही मास्क ऐच्छिक झाला. बस आणि मोनोरेलमध्ये मात्र तो लागायचाच. लस न घेतलेल्यांनी आत मास्क लावावा, अशी अपेक्षा होती.

पण कोणी लस घेतली आणि कोणी नाही, हे ओळखायचं कसं? कपाळावर तर लिहिलेलं नसतं! लशीचा दाखला बघायचा म्हणाल, तर तोही नाही. गिऱ्हाइकांकडे असा दाखला मागायला फ्लोरिडा राज्यानेच व्यापाऱ्यांना मनाई केली होती. मग उरलं काय? भरवसा! ज्याने लस घेतली नाही, तो आपणहून मास्क लावील हा भरवसा.

आता फोटोतली मामेबहीण बघा. तेव्हा अमेरिकेत बारा वर्षांखालच्या मुलांसाठी लस आलेलीच नव्हती. पाच ते अकरा वयाच्या मुलांना ती मिळू लागली २०२१ च्या नोव्हेंबरात. म्हणजे जूनच्या त्या रांगेत आठ वर्षांच्या मुलीला लस घेण्याचा मार्गच नव्हता. तिच्याकडे होता तिचा मास्क आणि आजूबाजूच्या अनोळखी माणसांचा खरेपणा. मागचे लोक नियम मोडत होते का? फोटो पाहून सांगता येत नाही! त्यांतल्या कितीतरी जणांनी खरोखरच लस घेतली असेल. काहींनी घेतली नसेलही. हीच तर त्या नियमातली अडचण होती. खरं बोलणारा आणि थाप मारणारा, दोघेही सारखेच दिसत होते.

आणि मामा? त्याला नियमाने सूट होती. पण लेकीला एकटीला मास्क लावायला सांगून आपण मोकळं फिरायचं, हे त्याला रुचलं नसावं. शिवाय लस घेतलेल्या माणसाकडूनही विषाणू पसरू शकतो. तेव्हा तो उगाच घातला, असं मी तरी म्हणणार नाही.

पुढे काय झालं तेही ऐका. त्याच उन्हाळ्यात डेल्टा नावाचा विषाणूचा प्रकार अमेरिकेत फैलावला. तो भारतात आधी आढळला होता आणि फार झपाट्याने पसरत होता. मग ३० जुलैपासून डिस्ने वर्ल्डमध्ये छपराखाली मास्क पुन्हा सक्तीचा झाला. लस घेतलेली असो वा नसो! दीड महिन्यात नियम मागे फिरला. लोक वैतागले. "एकदा काय ते ठरवा ना!" पण आजार बदलला तर उपाय बदलणारच. डॉक्टर नाही का, ताप वाढला की औषध बदलून देत?

लस घेतलेल्यांची छपराखालची सक्ती पुन्हा उठली १७ फेब्रुवारी २०२२ रोजी. एप्रिलमध्ये बसमधलीही गेली. आणि १८ एप्रिल २०२२ पासून मिकीला पुन्हा मिठी मारता येऊ लागली!

गर्दीचंही असंच. डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम हे एकच उद्यान घ्या. अंदाज असा, की २०१९ मध्ये तिथे सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले. २०२० मध्ये जेमतेम ६९ लाख. आणि २०२१ मध्ये १ कोटी २७ लाख! रांगेतल्या खुणा पुसल्या गेल्या आणि माणसं पुन्हा खांद्याला खांदा लावून उभी राहिली. घरात कोंडलेल्या माणसांना बाहेर पडायची किती ओढ लागली होती, ते या आकड्यांवरून कळतं.

सगळीकडे कारभार भरवशावर चालला असं मात्र नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. चीनमधल्या शांघाय डिस्नेलँडला आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका बाईला करोना झाल्याचं कळलं. झालं, फाटकं बंद! आत असलेल्यांची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडलं नाही. सुमारे ३४ हजार माणसं रात्री रांगा लावून उभी राहिली. आकाशात आतषबाजी चाललेली आणि खाली नाकात काडी घालून तपासणी! त्यांतल्या एकालाही करोना निघाला नाही. तरी उद्यान दोन दिवस बंद राहिलं.

एकीकडे फाटक बंद करून सगळ्यांची तपासणी, दुसरीकडे "तुमच्यावर सोपवलं" म्हणून मोकळीक. तुम्हाला कुठलं आवडेल? मला विचाराल तर दुसरं. कोंडून घ्यायला कुणाला आवडतं? पण दुसरी पद्धत चालते कधी? तर कुणी बघत नसतानाही माणूस खरा वागला तरच. वर्गातून बाई बाहेर गेल्या आणि "एकमेकांची वही बघू नका" म्हणाल्या, तर ती परीक्षा फक्त गणिताची राहत नाही!

आपल्याकडेही हे झालंच की. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. तुमच्यापैकी बरेचजण तेव्हा अगदी लहान होते. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही. साधी सर्दी आणि फ्लूसुद्धा तसेच पसरतात. त्यामुळे सक्ती गेली तरी विचार करायचं काम आपल्याकडे आहेच.

म्हणजे काय करायचं? सोपं आहे. खोकला झालाय आणि बसने जायचंय? मास्क लावा. ताप आहे? शाळेला दांडी मारा, हक्काची आहे! आजी-आजोबांना भेटायला निघालात आणि नाक गळतंय? दोन दिवस थांबा. आणि वर्गात कुणी मास्क लावून आला, तर "घाबरट" म्हणून हसू नका. कदाचित त्याच्या घरी कुणी आजारी असेल. त्याने ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, असं थोडंच आहे?

आई-बाबांनाही एक विनंती. सहलीच्या आदल्या दिवशी मुलाला ताप येतो. तिकिटं काढलेली असतात, पैसे भरलेले असतात. मग गोळी देऊन "काही नाही, होईल बरा" म्हणत आपण निघतो. त्या वेळी बसमध्ये शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मुलाची क्षणभर आठवण ठेवा. त्याच्या आई-बाबांनी तुमच्यावर भरवसा टाकलेला असतो, तुम्हाला न ओळखताही.

आणि पत्र पाठवणाऱ्या माझ्या दोस्ता, तो फोटो जपून ठेव. मामेबहीण भेटली की तिला विचार, त्या रांगेत तिला काय वाटत होतं. तिचं उत्तर मला जरूर कळव. वाट बघतोय!

तुमचा,
काका